एकच बोर्ड की दोन? एका इंग्रजी शब्दाची उकल

शब्दवेल्हाळ

गेल्या महिन्यात एका जुन्या समुद्रप्रवासाच्या वृत्तांताचं भाषांतर करत होते. वादळाचं वर्णन होतं. वाऱ्याने डोलकाठी मोडली आणि ती 'वेंट बाय द बोर्ड', असं वाक्य. मी लिहिलं, "डोलकाठी फळ्यांवर कोसळली." बोर्ड म्हणजे फळी, आणि जहाजावरच्या फळ्या म्हणजे डेक, असा माझा हिशेब. चार पानं पुढे गेले तर खलाशी दोरखंड तोडून मोडकी डोलकाठी पाण्यात सोडून देतात, असं आलं आणि मी तिथेच थांबले. डेकवर पडलेली डोलकाठी पाण्यात लोंबकळत कशी होती? शब्दकोश उघडला तेव्हा कळलं की या वाक्यातला बोर्ड फळी नाहीच. तो आहे जहाजाची कड. डोलकाठी कडेवरून पाण्यात गेली होती.

वाक्य दोन मिनिटांत दुरुस्त झालं, पण शब्द डोक्यातून जाईना. दिवसातून दहा वेळा आपण 'बोर्ड' म्हणतो. परीक्षेचं बोर्ड, कंपनीचं बोर्ड, दारावरचा बोर्ड, विजेचा बोर्ड, बुद्धिबळाचा बोर्ड, कीबोर्ड, बोर्डिंग पास, बोर्डिंग स्कूल. एवढं सगळं एकाच शब्दात कसं मावलं, हे कधी विचारलंच नव्हतं. आता महिनाभर वाचून जे हाती लागलं ते इथे मांडते. चुकलं तर सांगा.

मुळात हे दोन शब्द आहेत. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातून आली, त्यात एक शब्द होता फळीसाठी आणि दुसरा होता कडेसाठी, काठासाठी, विशेषतः जहाजाच्या बाजूसाठी. दोघांचं रूप जवळजवळ सारखं. जुन्या इंग्रजीत येईपर्यंत दोन्ही 'बोर्ड' झाले आणि पुढे हजार वर्षं एकमेकांत मिसळत राहिले.

आधी फळीची शाखा. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी, आणि फळीपासून झालेली कुठलीही सपाट वस्तू. ढालसुद्धा बोर्डच, कारण ढाली लाकडी फळ्यांच्या असत. इ.स. ९३७ मधल्या ब्रुनानबुर्हच्या लढाईवर जी जुनी इंग्रजी कविता आहे, तिच्यात शत्रूची 'बोर्डवेआल' फोडली असं येतं. म्हणजे ढालींची भिंत.

पण खरी मजल मारली ती टेबलाने. मध्ययुगातल्या मोठ्या दिवाणखान्यात जेवणाचं कायमचं टेबल सहसा नसे. लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या, त्यावर कापड पसरायचं, जेवणं झाली की फळ्या उचलून भिंतीला टेकवून ठेवायच्या. मग त्याच जागेत बैठक बसे. रात्री तिथेच माणसं झोपत. म्हणजे 'बोर्ड' मांडला की जेवण, उचलला की जेवण संपलं. यातून बोर्ड म्हणजे जेवण हा अर्थ आला. 'रूम अँड बोर्ड' म्हणजे खोली आणि जेवण. पैसे भरून जिथे जेवणाची सोय होते ते बोर्डिंग हाउस, आणि जिथे मुलं शिकतात, राहतात, जेवतात ती बोर्डिंग स्कूल.

त्याच टेबलाभोवती सल्लागार बसले की ते 'कौन्सिल बोर्ड'. आधी तो शब्द टेबलाचा, मग टेबलाभोवतीच्या माणसांचा, मग त्या माणसांच्या अधिकाराचा. ब्रिटिश राजघराण्याच्या खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या मंडळाचं नाव शतकानुशतकं 'बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ' होतं, कारण ज्या टेबलावर हिशेब होत त्यावर हिरवं कापड असे. ते मंडळ २००४ मध्ये बंद झालं. टेबल, कापड आणि माणसं तिन्ही एका नावात राहिलेली, म्हणून हे उदाहरण मला फार आवडतं.

आता कडेची शाखा. 'ओव्हरबोर्ड' म्हणजे फळीवरून नव्हे, कडेवरून, पाण्यात. 'ऑन बोर्ड', 'अबोर्ड' म्हणजे जहाजाच्या कडेच्या आत. 'बोर्ड करणे' हे क्रियापद आधी शत्रूच्या जहाजाच्या कडेला आपलं जहाज भिडवून त्यावर चढाई करणे यासाठी होतं. त्यावर फ्रेंच 'आबोर्दे'ची छाप आहे. मग कुठल्याही जहाजावर चढणे, मग रेल्वेत, मग विमानात.

म्हणजे बोर्डिंग पास आणि बोर्डिंग स्कूल यांतलं 'बोर्डिंग' दिसायला एक, पण पूर्वज वेगळे. पहिलं कडेचं, दुसरं फळीचं. एखाद्या कार्यालयात नवा संचालक बोर्डवर येतो आणि त्याचं ऑनबोर्डिंग होतं, तेव्हा एका वाक्यात दोन्ही घराणी शेजारी बसलेली असतात आणि कुणाला पत्ता नसतो.

हे कळल्यापासून मी प्रत्येक 'बोर्ड' दिसला की विचारते: फळी की कड? तुम्हीही विचारून पाहा आणि इथे लिहा.

---

कोरीपाटी

ताई, सुंदर लिहिलंय. बोर्डिंग स्कूल म्हणजे कुठल्यातरी बोर्डाने चालवलेली शाळा असं मी आजवर समजत होतो. त्यात जेवण दडलंय हे आज कळलं.

एक शंका. जहाजाच्या उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात. त्यातला बोर्ड म्हणजे कड हे समजलं, पण 'स्टार' का? पूर्वी ताऱ्यांकडे पाहून दिशा ठरवत, त्यासाठी नावाडी उजव्या बाजूला उभा राही, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते खरं आहे का?

---

दर्यावर्दी

कोरीपाटी, ताऱ्यांचा काही संबंध नाही. मी मालवाहू जहाजांवर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा शब्द माझ्या रोजच्या तोंडचा. सविस्तर सांगतो.

'स्टार' हे 'स्टीअर'चं झिजलेलं रूप. जुन्या इंग्रजीत 'स्टेओरबोर्ड', म्हणजे सुकाणूची कड. आज सुकाणू जहाजाच्या मागच्या टोकाला मधोमध असतं, पण उत्तर युरोपातल्या जुन्या जहाजांना तसं सुकाणू नव्हतं. एक रुंद, मोठं वल्हं जहाजाच्या मागच्या भागात एका बाजूला अडकवलेलं असे. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून ते वल्हं उजव्या कडेला. ती बाजू झाली सुकाणूची, स्टारबोर्ड.

मग डावी बाजू? सुकाणू धरणारा माणूस उजव्या कडेला आपल्या वल्ह्याकडे वळून उभा, म्हणजे डावी बाजू त्याच्या पाठीला. म्हणून 'बॅकबोर्ड', पाठीची कड. नवव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड राजाच्या दरबारी ओहथेरे नावाच्या नॉर्वेजियन दर्यावर्द्याने आपला उत्तरेकडचा प्रवास सांगितला, तो जुन्या इंग्रजीत लिहून ठेवलेला आहे. त्यात तो म्हणतो की ओसाड जमीन सगळा वेळ स्टेओरबोर्डला होती आणि खुला समुद्र बॅकबोर्डला. नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना जमीन उजवीकडेच राहणार, नकाशा समोर धरून पाहा. अकराशे वर्षांपूर्वीचं ते वाक्य मला आजही जहाजावरच्या नोंदवहीतल्यासारखं वाटतं.

इंग्रजीने पुढे बॅकबोर्ड टाकून दिला. जर्मनमध्ये तो अजून आहे, आणि डचमधून फ्रेंचमध्ये जाऊन 'बाबोर' झाला. इंग्रजीत त्या जागी 'लारबोर्ड' आला. त्याचं जुनं रूप 'लाडबोर्ड', बहुधा माल चढवण्याची बाजू. उजवीकडे सुकाणूचं वल्हं असल्यामुळे ती बाजू धक्क्याला लावली तर वल्हं चिरडणार, म्हणून डावी बाजू धक्क्याला. त्याच कारणाने डाव्या बाजूला 'पोर्ट' म्हणजे बंदराची बाजू असंही म्हणू लागले.

आता विचार करा, वादळ चालू आहे, शिडं फडफडताहेत, आणि कुणीतरी ओरडून हुकूम देतोय: स्टारबोर्ड! की लारबोर्ड? शेवटचा 'आरबोर्ड' तेवढा ऐकू येतो. चुकीच्या बाजूला सुकाणू फिरवलं तर जहाज खडकावर. १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लारबोर्ड बंद केला आणि पोर्ट सक्तीचा केला. अमेरिकी नौदलाने १८४६ मध्ये तेच केलं. माणसांचा जीव वाचावा म्हणून शब्द हुकमाने बदलल्याची अशी उदाहरणं भाषेच्या इतिहासात फार नसतील.

जहाजावर कडेचा बोर्ड अजून जिवंत आहे. 'फ्रीबोर्ड' म्हणजे पाण्याच्या पातळीपासून डेकच्या कडेपर्यंतची उंची, पाण्याबाहेर मोकळी राहिलेली कड. माल जास्त भरला की फ्रीबोर्ड कमी होतो आणि लाटा डेकवर येतात. एकेकाळी मालक विम्याच्या भरवशावर जहाजं ठासून भरत आणि खलाशी बुडत. सॅम्युएल प्लिमसॉल या खासदाराने ते लावून धरलं आणि १८७६ च्या ब्रिटिश कायद्याने जहाजाच्या कडेवर भाररेषा काढणं बंधनकारक झालं. माल चढत असताना धक्क्यावर उभं राहून ती रेषा हळूहळू पाण्याकडे उतरताना पाहिली आहे मी. वर्तुळ, त्यातून गेलेली आडवी रेघ, शेजारी वेगवेगळ्या ऋतूंच्या खुणा. 'बोर्ड किती उरला' हा प्रश्न तिथे शब्दशः विचारला जातो.

तसंच 'आउटबोर्ड' इंजिन म्हणजे बोटीच्या कडेबाहेर लावलेलं, 'इनबोर्ड' म्हणजे कडेच्या आतलं.

---

रंधा

छान माहिती. पण मूळ मुद्द्यावर माझी हरकत आहे.

मी लाकूडकाम करतो, छंद म्हणून सुरू झालं, आता बराच वेळ त्यातच जातो. जुन्या जहाजांची कड म्हणजे शेवटी काय? एकावर एक चढवून ठोकलेल्या फळ्याच. उत्तर युरोपातली ती जुनी जहाजं अशीच बांधत, वरच्या फळीची खालची कड खालच्या फळीवर थोडी चढवून. जहाजाच्या तळाच्या कण्याला लागून जी पहिली फळी असते तिला अजूनही 'गारबोर्ड' म्हणतात. मग दोन वेगळे शब्द मानायची गरजच काय? फळ्यांची बाजू म्हणून बाजूला फळी म्हटलं, एवढं सरळ आहे. भाषाशास्त्र कधी कधी एकाचे दोन करतं असं वाटतं.

---

शब्दवेल्हाळ

रंधा, तुमची हरकत योग्य आहे, आणि मीही सुरुवातीला हेच म्हणत होते. माझं मत बदललं ते इंग्रजी सोडून शेजारच्या भाषांकडे पाहिल्यावर.

फ्रेंचने जर्मानिक लोकांकडून 'बोर' हा शब्द घेतला तो कडेच्या अर्थाने. फ्रेंचमध्ये पेल्याची कड, टोपीची कड, नदीचा काठ, रस्त्याची बाजू, सगळं 'बोर'. टोपीला फळ्या नसतात. त्यावरून फ्रेंचमध्ये किनार लावणे, आणि त्यावरून 'बोर्डर', जो पुढे इंग्रजीत परत आला. म्हणजे देशाची बॉर्डर आणि साडीची बॉर्डर ही या धाग्यातल्या ओव्हरबोर्डची चुलत भावंडं, पण ब्लॅकबोर्डची नाहीत.

जर्मनमध्ये फळीला 'ब्रेट' आणि जहाजाच्या कडेला 'बोर्ड'. दोन वेगळी रूपं.

आणि सर्वांत स्पष्ट साक्ष डचची. तिथे 'बोर्ड' ऱ्हस्व आणि 'बोऽर्ड' दीर्घ असे दोन शब्द आजही वेगळे आहेत. ऱ्हस्व म्हणजे जेवणाची थाळी आणि पाटी, म्हणजे फळीचं घराणं. दीर्घ म्हणजे कड, शर्टाची कॉलर आणि जहाजाची बाजू. इंग्रजीत जे एक झालं ते डचने वेगळं ठेवलं.

अगदी मागे, हजारो वर्षांपूर्वी, दोन्हींचं मूळ एक असेल की नाही यावर जाणकारांत मतभेद आहेत. तिथे तुमचं म्हणणं टिकूही शकेल. पण ते इंग्रजीत आले ते दोन म्हणून.

---

रंधा

टोपीला फळ्या नसतात, हे पटलं. गारबोर्ड मात्र मी फळीच धरणार.

---

शब्दवेल्हाळ

धराच. तो डचमधून आलेला आहे, आणि त्यातला 'बोऽर्ड' दीर्घ आहे. पण वस्तू तर फळीच आहे. दोन्ही घराणी इतकी मिसळली आहेत की काही शब्दांत भांडण सोडवायचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

---

बांधणी

मी पुस्तकं बांधते. आमच्याकडे पुठ्ठ्याला आजही 'बोर्ड' म्हणतात, 'दोन मिलिमीटरचा बोर्ड घे' असं. कार्डबोर्ड म्हणजे कागदाचा, मग त्याला फळीचं नाव का, हे मला कामातूनच कळलं, ते सांगते.

मध्ययुगात युरोपातली हस्तलिखितं चर्मपत्रावर असत. चर्मपत्र म्हणजे जनावराचं कातडं, हवेतली ओल लागली की ते फुगतं, वाकतं, मूळ जनावराच्या आकाराकडे परत जाऊ पाहतं. त्याला दाबून ठेवायला पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना खऱ्या लाकडी फळ्या लावत, उत्तर युरोपात बऱ्याचदा ओकच्या, आणि पुढे पितळी आकडे, म्हणजे पुस्तक घट्ट मिटून राहावं. कागद आला, तो तसा वळत नाही, मग जड लाकडाची गरज उरली नाही. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून तीच जाडी, तोच ताठपणा मिळू लागला. तो 'पेस्टबोर्ड', खळीने चिकटवलेली फळी. लाकूड गेलं, पण जागा तीच आणि काम तेच, म्हणून नावही तेच.

एकदा दुरुस्तीला आलेल्या जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा ओलावून थर सुटे केले, तर आत दुसऱ्याच कुठल्यातरी छापील पुस्तकाची रद्दी पानं निघाली, ओळीच्या ओळी वाचता येत होत्या. त्या काळात पुठ्ठे असे रद्दीतूनच चिकटवत. ती पानं मी वेगळ्या पाकिटात घालून पुस्तकासोबत परत दिली. त्या 'फळी'त लाकडाचा कणही नव्हता.

---

तारतम्य

बांधणीताईंचं वाचून राहवलं नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्येही हेच झालंय.

आम्ही नवा सर्किट करून पाहतो तो 'ब्रेडबोर्ड'वर. पांढरं प्लास्टिक, त्यात छिद्रांच्या रांगा, आत धातूच्या पट्ट्या, तारा खोचल्या की जोडणी तयार. नवशिक्या मुलांना याचं नाव सांगितलं की ती विचारतात, ब्रेड कुठे आहे? उत्तर असं की रेडिओच्या सुरुवातीच्या काळात हौशी लोक स्वयंपाकघरातली पाव कापायची लाकडी फळी घेत, तिच्यावर खिळे आणि स्क्रू ठोकत, आणि त्यांना व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या), गुंडाळ्या, तारा जोडत. लाकूड वीज वाहू देत नाही, खिळा सहज बसतो, फळी हाताशी असतेच. आज पाव गेला, लाकूड गेलं, खिळे गेले, नाव राहिलं.

'मदरबोर्ड', 'सर्किट बोर्ड' त्याच वंशातले. आता ते काचतंतू आणि रेझिनचे असतात, पण सपाट आहेत आणि त्यांच्यावर काहीतरी मांडलेलं आहे. माझ्या मते फळीच्या घराण्याची हीच खूण: ज्यावर काही मांडता येतं. बुद्धिबळाचा पट घ्या, जेवणाचं टेबल घ्या, सूचनाफलक घ्या.

आणि 'डॅशबोर्ड'. घोडागाडीच्या पुढच्या बाजूला, गाडीवानाच्या पायांसमोर एक फळी किंवा चामड्याचा पडदा असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून. 'डॅश'चा एक अर्थ जोरात उडणे, आपटणे. मोटार आली तेव्हा चिखल उडवणारा घोडा गेला, पण फळी त्याच जागी राहिली. पुढे तिच्यावर मापकं बसवली गेली. आज संगणकाच्या पडद्यावर आकडे आणि आलेख दाखवणाऱ्या पानाला डॅशबोर्ड म्हणतो. मी रोज सकाळी असं एक पान उघडतो, आणि हे कळल्यापासून त्यामागे तो चिखल मला दिसतो.

---

पानोपानी

सगळेच प्रतिसाद वाचनीय. माझी भर छोटी. 'पोर्ट' आणि 'स्टारबोर्ड' आलेच आहेत तर 'पॉश' शब्दही घ्यायला हवा. श्रीमंत प्रवासी इंग्लंडहून भारताकडे जाताना पोर्ट बाजूची आणि परत येताना स्टारबोर्ड बाजूची सावलीतली खोली घेत, 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापत, त्यावरून पॉश.

आणि 'कपबोर्ड' आणि आपलं 'कपाट' यांचंही नातं असणार, उच्चार किती जवळचा आहे!

---

दर्यावर्दी

पानोपानी, पॉशची गोष्ट मीही जहाजावर अनेकांच्या तोंडून ऐकली आहे, पण ती खरी नाही. असं अक्षर छापलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही. आद्याक्षरांवरून शब्द बनवायची सवय विसाव्या शतकातली, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी व्युत्पत्ती दिसली की आधी संशय घ्यावा.

---

निरुक्त

कपाटाबद्दल मी लिहितो, कारण हा विषय माझ्या जवळचा आहे.

कपबोर्ड म्हणजे शब्दशः कप ठेवायची फळी. चौदाव्या शतकात इंग्रजीत तो शब्द येतो तेव्हा ते बंद कपाट नव्हतंच. उघडं टेबल किंवा मांडणी, जिच्यावर घरातले चांगले पेले आणि भांडी पाहुण्यांना दिसतील अशी मांडत. दारं नंतर आली. उच्चारात 'प' झिजून 'कबर्ड' झाला आणि बोलणाऱ्यांना त्यातली फळी दिसेनाशी झाली.

आपलं कपाट संस्कृत, आणि संस्कृतात कपाट म्हणजे दार, दाराचं पान. तोच शब्द प्राकृतातून झिजत आला तो 'कवाड'. म्हणजे एकाच शब्दाची दोन रूपं मराठीत आहेत: कवाड दाराचंच राहिलं, आणि कपाट दारं असलेल्या लाकडी खणाचं झालं. इंग्रजांनी त्या वस्तूला आतल्या फळीवरून नाव दिलं, आपण बाहेरच्या दारावरून. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, उच्चार जुळतो तो योगायोग.

आता एक गोष्ट जी मला हा धागा वाचताना सारखी जाणवत होती. फळीपासून माणसांच्या मंडळापर्यंतचा प्रवास मराठीनेही केलाय, आणि स्वतःच्या वाटेने केलाय. 'दुसऱ्या फळीतले नेते', 'कार्यकर्त्यांची फळी', 'फलंदाजीची मधली फळी'. आपण टेबलावरून नाही गेलो. रांगेत उभी राहिलेली माणसं एका फळीसारखी दिसतात, तिथून गेलो. जुन्या इंग्रजी कवितेतल्या ढालींच्या भिंतीशी हे जास्त जवळचं आहे.

टेबलाची वाट आपल्याकडे आसनाने चालली. पीठ म्हणजे बसण्याची जागा. त्यावरून विद्यापीठ, धर्मपीठ, आणि न्यायालयाचं खंडपीठ. इंग्रजीत तिथे 'बेंच', तोही बसायचा बाकच. फ्रेंच 'ब्युरो'चं तर आणखी लांबून: आधी जाड लोकरीचं कापड, मग ते कापड अंथरलेलं टेबल, मग त्या टेबलाची खोली, मग ते खातं. हिरव्या कापडाच्या बोर्डाची आठवण येते. आणि ब्रिटनच्या अर्थखात्याचं 'एक्स्चेकर' हे नाव चौकड्यांच्या कापडावरून आलं. त्यावर सोंगट्यासारखे मोहरे ठेवून पैशाची बेरीज करत, आणि ते कापड बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे. पट, म्हणजे पुन्हा बोर्डच.

सत्ता जिथे बसते तिथलं लाकूड किंवा कापड आपलं नाव त्या सत्तेला देऊन जातं. भाषा कुठलीही असो, हे इतक्या वेळा दिसतं की मी आता ते शोधतच असतो.

---

कोरीपाटी

निरुक्त सर, कवाड आणि कपाट एकच, हे वाचून थक्क झालो.

मी काल पूर्ण दिवस 'फळी की कड' करत होतो. माझी यादी: कीबोर्ड फळी, स्केटबोर्ड फळी, स्कोअरबोर्ड फळी. 'आय ॲम ऑन बोर्ड' म्हणजे मला मान्य आहे, ही कड. अडलो ते 'अबव्ह बोर्ड'वर, म्हणजे प्रामाणिक, उघड व्यवहार. तो जहाजाचा वाटतो, पाण्याच्या वर दिसणारा भाग म्हणून. आणि 'अक्रॉस द बोर्ड'?

---

शब्दवेल्हाळ

कोरीपाटी, 'अबव्ह बोर्ड' जहाजाचा वाटतो खरा, पण तो पत्त्यांच्या टेबलावरचा. खेळताना हात टेबलाच्या वर ठेवायचे, म्हणजे खाली पत्ते बदलता येणार नाहीत. म्हणून फळी. भाषांतरात मी त्याला 'राजरोस' किंवा 'उघड उघड' वापरते, फळी मराठीत आणायचा हट्ट धरत नाही. 'स्वीप द बोर्ड'सुद्धा त्याच टेबलावरचा, पणाला लावलेलं सगळं एका हाताने ओढून घेणारा.

'अक्रॉस द बोर्ड' अमेरिकी घोड्यांच्या शर्यतीतला. एकाच घोड्यावर पहिला, दुसरा, तिसरा अशा तिन्ही क्रमांकांसाठी सारखी पैज लावणे, आणि पैजेचे आकडे ज्या फलकावर लावत त्यावरून हे नाव. आज त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे: सरसकट.

आणि ज्या वाक्याने मला इथवर आणलं तो 'गो बाय द बोर्ड' आता योजना, तत्त्वं, वेळापत्रक यांच्याबद्दल वापरतात. गेलं ते गेलं, आता परत मिळायचं नाही. त्यात कड आहे हे कळल्यावर अर्थ किती नेमका लागतो. फळीवर पडलेली वस्तू उचलता येते, कडेवरून गेलेली नाही.

दर्यावर्दी, तुम्हाला एक विचारायचं होतं. माझं सुधारलेलं वाक्य असं आहे: "डोलकाठी मोडली आणि कडेवरून पाण्यात गेली, पण दोरखंड तिला अजून धरून होते." चालेल का? आणि मोडलेली डोलकाठी सोडून द्यायची इतकी घाई का असते? वृत्तांतात खलाशी कुऱ्हाडी घेऊन धावतात.

---

दर्यावर्दी

वाक्य चोख आहे.

मी शिडाच्या जहाजावर काम केलेलं नाही, पण त्यातली गोष्ट शिकताना आम्हाला सांगितली गेली होती. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी जाड दोरखंड बांधलेले असतात, ती उभी राहावी म्हणून. ती मोडून पाण्यात गेली तरी ते सगळे तुटत नाहीत. मग ते जड लाकूड जहाजाच्या बाजूला बांधलेलंच राहतं आणि प्रत्येक लाटेबरोबर वर येऊन जहाजाला धडका देतं. शिवाय एका बाजूला ओढ लागून जहाज कलतं. वेळेत तोडलं नाही तर तीच डोलकाठी फोडून आत शिरते.

काय फोडून, ते रंधांना विचारा. तिथे कड आणि फळी एकच.